वयात बसता का? अधिवास आहे का? स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरण्याआधीचा हिशेब

जाहिरात आली की अभ्यासिकेत पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा नसतो. "मी यात बसतो का?" हा असतो. पस्तिशी ओलांडलेली मुलं तो हळू आवाजात विचारतात. गेली काही वर्षं अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात मी अशा मुलामुलींच्या शेजारी बसून कागद चाळतो आहे. अभ्यास कमी पडल्यामुळे बाहेर गेलेले पाहिले, तसेच एका तारखेमुळे किंवा एका दाखल्यामुळे बाहेर गेलेलेही पाहिले. दुसऱ्या प्रकारचं जास्त लागतं, कारण बहुतेक वेळा ते टाळता आलं असतं.

खालचा हिशेब मुख्यतः महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी आहे. यूपीएससीचा, म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाचा, उल्लेख जिथे नियम वेगळा पडतो तिथे येईल, कारण बहुतेक जण दोन्हीकडे अर्ज करतात आणि एकीकडचा नियम दुसरीकडे लावून फसतात.

आधी दोन दारं वेगळी करा

परीक्षेला बसण्याचा हक्क ही एक गोष्ट आणि सवलत मागण्याचा हक्क ही दुसरी. वाद होतात ते या दोन्हींची सरमिसळ झाल्याने.

राज्यघटनेच्या कलम १६(२) नुसार जन्मस्थान किंवा निवास एवढ्याच कारणावरून सरकारी नोकरीत भेदभाव करता येत नाही. निवासाची अट घालायचीच असेल तर कलम १६(३) प्रमाणे ती संसदेने कायदा करून घालायची. विधिमंडळाला किंवा एखाद्या खात्याला तो अधिकार नाही. राजस्थानात शिक्षक भरतीत स्थानिक उमेदवारांना जादा गुण देण्याची पद्धत होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अमान्य केली. म्हणून इंदूरचा मुलगा वयाच्या अटीत बसत असेल आणि त्याला मराठी लिहिता-वाचता-बोलता येत असेल, तर तो राज्यसेवेच्या अराखीव सर्वसाधारण जागेसाठी अर्ज करू शकतो. हे ऐकून काही जण रागावतात. पण नियम हा आहे.

सवलतीचं दार मात्र वेगळं. आयोगाच्या जाहिरातीत स्पष्ट वाक्य असतं की आरक्षणाचा लाभ फक्त महाराष्ट्राच्या सर्वसाधारण रहिवाशांना मिळेल. मागास प्रवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, महिला, खेळाडू, दिव्यांग, माजी सैनिक, अनाथ या सगळ्यांना इथे अधिवासाचा पुरावा लागतो. अराखीव महिलांच्या जागांसाठीही लागतो, हे पुष्कळ मुलींना कागद तपासणीच्या दिवशी कळतं. त्या जागांसाठी पूर्वी नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्रही (कुटुंब उन्नत गटात मोडत नाही, याचं) लागायचं, ती अट ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने गेली. अधिवासाची अट गेलेली नाही.

पहिली पायरी: कोणती जन्मतारीख धरायची

दहावीच्या प्रमाणपत्रावरची. घरच्यांच्या मते तुमचा जन्म श्रावणात झाला असेल आणि शाळेत गुरुजींनी १ जून लावली असेल, तरी आयोगासाठी तुम्ही १ जूनलाच जन्मलात. आपल्याकडे १ जूनला जन्मलेल्यांची एक अख्खी पिढीच आहे. यूपीएससीच्या सूचनापत्रात तर लिहिलेलंच असतं की जन्मपत्रिका, प्रतिज्ञापत्र, महापालिकेचा जन्माचा उतारा यांतलं काहीही ग्राह्य धरणार नाही, आणि एकदा नोंदवलेली तारीख पुन्हा बदलून मिळणार नाही.

दहावीच्या प्रमाणपत्रावरच चूक असेल तर ती शाळेमार्फत आणि मंडळाकडून दुरुस्त करून घ्यावी लागते. ते काम महिन्यांचं आहे. जाहिरात आल्यावर सुरू केलंत तर या वर्षी उपयोग नाही.

दुसरी पायरी: वय कोणत्या दिवशी मोजायचं

अर्ज भरता त्या दिवशी किंवा परीक्षेच्या दिवशी वय किती भरतं, याला अर्थ नाही. जाहिरातीत "वयोमर्यादा गणनेचा दिनांक" छापलेला असतो, वय त्या दिवशीचं मोजायचं. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत तो परीक्षा वर्षाचा १ ऑगस्ट असतो. त्या दिवशी २१ पूर्ण हवीत आणि ३२ पूर्ण झालेली नकोत. २०२५ च्या परीक्षेला याचा अर्थ असा होता: जन्म २ ऑगस्ट १९९३ च्या आधीचा नको आणि १ ऑगस्ट २००४ च्या नंतरचा नको.

एका दिवसाने काय होतं ते पाहा. राजस्थान लोकसेवा आयोगाच्या एका उमेदवाराचा जन्म २ जानेवारी १९५६ चा. नियम असा होता की १ जानेवारी १९८४ रोजी २८ वर्षं पूर्ण झालेली नसावीत. त्याचा युक्तिवाद साधा होता: माझा अठ्ठाविसावा वाढदिवस २ तारखेला आहे, १ तारखेला मी सत्तावीसच. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ते मानलं नाही. जन्माचा दिवस हा पूर्ण दिवस म्हणून मोजायचा, त्यामुळे अठ्ठाविसावं वर्ष १ जानेवारीचा दिवस सरताना पूर्ण होतं, असं न्यायालयाने ठरवलं. तो अपात्र ठरला.

यूपीएससीसारखी जाहिरात जेव्हा "अमुक तारखेच्या आधीचा जन्म नको" असं थेट छापते, तेव्हा हा वाद उरतच नाही. छापलेली तारीख धरायची. पण नुसतं "कमाल ३८ वर्षे" आणि गणनेचा दिनांक एवढंच दिलं असेल, आणि तुमचा वाढदिवस त्या तारखेच्या आगेमागे एक दिवस असेल, तर मोबाइलवरच्या वय मोजणाऱ्या ॲपवर विसंबू नका. आयोगाला लेखी विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

तिसरी पायरी: आपला रकाना शोधा

महाराष्ट्रात २५ एप्रिल २०१६ च्या शासन निर्णयाने अमागास उमेदवारांची कमाल मर्यादा ३३ वरून ३८ झाली आणि मागासवर्गीयांची ४३. राज्यसेवेला आजही हाच पाया आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि अनाथ यांनाही राज्यात ४३, दिव्यांगांना ४५.

इथे तीन खड्डे आहेत.

पहिला: एकाच परीक्षेत पदानुसार वय बदलतं. संयुक्त गट ब परीक्षेत सहायक कक्ष अधिकारी आणि राज्य कर निरीक्षक यांना ३८ आणि ४३ चालतं, पण पोलीस उपनिरीक्षकासाठी ३१ आणि मागासवर्गीयांना ३४. "मी परीक्षेत बसतो" म्हणजे "मी फौजदार होऊ शकतो" असं नाही. पदांचे विकल्प देताना हे प्रत्येक पदापुढे तपासा.

दुसरा: आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला राज्यात वयाची सवलत आहे, यूपीएससीत नाही. तिथे या घटकाला आरक्षण मिळतं, पण वय ३२ आणि प्रयत्न सहाच. इतर मागासवर्गाला ३ वर्षं आणि नऊ प्रयत्न, अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षं आणि वय असेपर्यंत कितीही प्रयत्न.

तिसरा: सवलतींची बेरीज. यूपीएससीत इतर मागासवर्गातला उमेदवार दिव्यांगही असेल तर ३ आणि १० अशी दोन्हींची बेरीज मिळते. राज्याच्या जाहिरातीत दिव्यांगांसाठी ४५ हा स्वतंत्र रकाना आहे. तिथे ४३ मध्ये आणखी काही मिळवायचं नसतं. एका मुलाने ही बेरीज करून स्वतःला ४८ ची मुदत देऊन टाकली होती. त्याला समजावणं हे माझ्या आयुष्यातलं एक नकोसं काम.

वाढीव मुदत: शासन निर्णय वाचताना तीन तारखा

"वय वाढलं म्हणे" अशी बातमी व्हॉट्सॲपवर आली की मूळ शासन निर्णय उघडा आणि तीन गोष्टी शोधा: निर्णयाची तारीख, तो कोणत्या काळातल्या जाहिरातींना लागू आहे, आणि परीक्षा कोणत्या टप्प्यावर असायला हवी.

करोनामुळे भरती रखडली म्हणून ३ मार्च २०२३ च्या निर्णयाने कमाल वयात दोन वर्षांची सूट दिली, पण फक्त ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत निघणाऱ्या जाहिरातींना. ४० आणि ४५ हे आकडे अजूनही लोकांच्या डोक्यात बसलेत ते तिथून. ती सूट त्या दिवशी संपली. पुढे मराठा समाजाच्या आरक्षणाचा कायदा २०२४ मध्ये आला, जाहिराती सुधाराव्या लागल्या, परीक्षा पुढे गेल्या. तेव्हा २० डिसेंबर २०२४ च्या निर्णयाने एक वर्षाची सूट मिळाली, तीही १ जानेवारी २०२४ पासून निघालेल्या आणि परीक्षा अजून व्हायच्या असलेल्या आयोगाच्या जाहिरातींपुरती. संयुक्त गट ब ची पूर्व परीक्षा ५ जानेवारी २०२५ ऐवजी २ फेब्रुवारीला गेली ती यामुळेच. नव्याने पात्र झालेल्यांना अर्ज करता यावेत म्हणून.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. वयाची सूट मंत्रिमंडळाकडून येते, कोर्टाकडून क्वचितच. करोनाच्या वर्षी शेवटचा प्रयत्न वाया गेलेल्या यूपीएससी उमेदवारांनी एक जादा संधी मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने २४ फेब्रुवारी २०२१ ला ती याचिका फेटाळली. धोरण ठरवणं सरकारचं काम आहे, हे त्यामागचं सूत्र. म्हणून वय उलटलेल्यांनी वकिलाच्या फीसाठी पैसे जमवण्याआधी लोकप्रतिनिधींकडे निवेदनं देण्यात वेळ घालवावा, असं माझं मत आहे.

सवलत घेतली की खुलं दार बंद होतं का?

हा प्रश्न मुलं विचारत नाहीत, पण विचारायला हवा. राज्य आयोगाच्या जाहिरातीतली भाषा अशी आहे की अराखीव उमेदवारांसाठी असलेल्या वयोमर्यादेची आणि इतर निकषांची पूर्तता करणारा कोणीही, मागासवर्गीय असला तरी, अराखीव सर्वसाधारण पदासाठी विचारात घेतला जातो. म्हणजे इतर मागासवर्गातली ३६ वर्षांची मुलगी दोन्हीकडे स्पर्धेत आहे. तीच ४१ वर्षांची असेल तर तिने वयाची सवलत वापरली, आणि तिच्यासाठी उरल्या त्या फक्त तिच्या प्रवर्गाच्या जागा. केंद्राचंही सूत्र तेच आहे. १९९८ च्या सूचनेनुसार वय किंवा प्रयत्नांची सवलत घेतलेला उमेदवार अराखीव जागेवर मोजला जात नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये या धर्तीवरचा नियम योग्य ठरवला.

यावरून काही हुशार मंडळी वय बसतंय तोवर स्वतःला खुल्या प्रवर्गातलं दाखवतात. तसं करू नका. आपल्या प्रवर्गासाठी पद नसलं तरी मूळ प्रवर्ग अचूक नोंदवणं बंधनकारक आहे, आणि एकदा केलेला दावा नंतर बदलता येत नाही.

अधिवासाचा दाखला: पंधरा ओळींचा कागद

"डोमिसाइल" हा शब्द आपण सैल वापरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच म्हटलं होतं की भारतात अधिवास एकच आहे, तो भारताचा. राज्यं ज्याला डोमिसाइल म्हणतात ते म्हणजे कायमचं वास्तव्य. आपल्याला लागणारा दाखला म्हणजे वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र. ते तहसील कार्यालयातून मिळतं, अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात करायचा. लोकसेवा हक्क कायद्याखाली मुदत १५ दिवसांची.

नेहमीची अट आहे महाराष्ट्रात १५ वर्षांच्या वास्तव्याची. इथे मी प्रत्येकाला एक काम करायला लावतो. वहीचं एक पान घ्या, पंधरा ओळी आखा, प्रत्येक ओळीला एक वर्ष. पुढे त्या वर्षी तुम्ही कुठे होतात आणि त्याचा कागद कोणता, ते लिहा. पाचवी ते दहावीच्या सहा ओळी शाळा सोडल्याच्या दाखल्याने आणि बोनाफाइडने भरतात. अकरावी-बारावी, मग पदवीची तीन-चार. त्यानंतरच्या ओळींत वीजबिल, रेशनकार्ड, भाडेकरार, तलाठ्याचा रहिवासी दाखला. पान भरलं की रिकामी ओळ कुठे आहे ते लगेच दिसतं, आणि कारकूनही तेच विचारणार असतो.

रिकामी ओळ बहुधा बाहेरच्या शिक्षणाची असते. दोन वर्षं दिल्लीत क्लास, तीन वर्षं बंगळुरूत नोकरी. घाबरायचं कारण नाही, पण पुरावा हवा. आयोग "सर्वसाधारण रहिवासी" हा शब्द लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २० मधल्या अर्थाने घेतो. ते कलम दोन्ही बाजूंनी कापतं. तात्पुरतं बाहेर गेल्याने कोणी रहिवासी असणं थांबत नाही, असं ते सांगतं. आणि नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कोणी रहिवासी ठरत नाही, असंही सांगतं. तेव्हा गावी घर आहे एवढं पुरत नाही. कुटुंब तिथेच राहत होतं, रेशनकार्डावर नाव होतं, मतदान तिथलंच होतं, हे दाखवा. आणि त्या काळात दिल्लीत मतदार नोंदणी केली असेल तर ती गोष्ट तुमच्या विरोधात जाते, हे आधीच लक्षात घ्या.

लग्न करून आलेली, सीमेवरची, आणि जातीचा प्रश्न

एक उदाहरण जवळून पाहू. मुलगी जन्मली, शिकली विजयपुरात. लग्न करून सांगली जिल्ह्यात जतला आली. सहा वर्षं झाली. कर्नाटकात तिच्या जातीला मागासवर्गाची सवलत आहे, महाराष्ट्रातही ती जात यादीत आहे. वय ४०. तिने अर्जात इतर मागासवर्ग आणि महिला असे दोन्ही दावे केले.

अधिवासाचं जमू शकतं: विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि पतीचा अधिवास यांच्या आधारे दाखला मिळू शकतो. पण जातीची सवलत लग्नाने किंवा स्थलांतराने सोबत येत नाही. अनुसूचित जाती-जमातींबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९९० मध्येच ठरवलं, आणि महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्रांची पद्धतही त्याच वळणाची आहे. इथे कुटुंबाचं वास्तव्य ठरावीक तारखेला महाराष्ट्रात होतं का हे पाहतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. तिच्या वडिलांचं घर त्या तारखेला विजयपुरातच होतं. म्हणजे प्रवर्ग गेला, प्रवर्गाबरोबर ४३ ची मर्यादा गेली, आणि अराखीव महिला म्हणून ३८ ओलांडलेलीच होती. अधिवासाचा दाखला हातात असूनही ती वयावर बाहेर गेली. वय आणि अधिवास हे दोन वेगळे रकाने दिसतात, पण असे एकमेकांत अडकलेले असतात.

माहेरच्या आणि सासरच्या नावांचा गोंधळ याच्या जोडीला असतोच. दहावी एका नावाने, आधार दुसऱ्या. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद, यांपैकी एक अर्जाआधी हातात हवं.

बेळगाव, निपाणी, खानापूर पट्ट्यातल्या मराठी मुलांसाठी वेगळी वाट आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतले मराठी भाषक उमेदवार, तिथे १५ वर्षांचं वास्तव्य असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा विहित नमुन्यातला दाखला देऊन, राज्याच्या सेवेसाठी पात्र धरले जातात. गावाचं नाव त्या यादीत आहे का, हे शब्दशः तपासा.

दावा फेटाळला तर

आधी कारण लेखी घ्या. "दाखला चालत नाही" हे खिडकीवरचं वाक्य पुरावा नाही. तहसीलदाराने अर्ज नाकारला असेल किंवा १५ दिवसांत काहीच केलं नसेल, तर लोकसेवा हक्क कायद्याखाली प्रथम अपील करा. त्यासाठी अर्जाचा पोच क्रमांक लागतो. तो मोबाइलमध्ये नुसता ठेवू नका, छापून घ्या.

आयोगाने अपात्र ठरवलं असेल तर आधी आयोगाकडे कागदांसह निवेदन, आणि त्याने भागलं नाही तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे त्याची पीठं आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निकालानंतर अशा वादात थेट उच्च न्यायालयात जाता येत नाही, आधी मॅटच. यूपीएससीच्या बाबतीत केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. कायद्यातली मुदत एक वर्षाची असली तरी निकाल लागून नेमणुका झाल्यावर गेलात तर हाती फार लागत नाही.

तिथे पहिला प्रश्न येईल तो तारखेचा. पात्रता अर्जाच्या शेवटच्या दिनांकाला मोजायची, हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकात पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. जाहिरातीत वेगळा दिनांक असेल तर तो. नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र नंतरच्या तारखेचं असेल, तर ते कितीही खरं असलं तरी तुमची बाजू कमकुवत होते.

मॅटने अंतरिम आदेश देऊन परीक्षेला बसू दिलं तर तो प्रवेश तात्पुरता असतो. पेपर द्या, मुख्य परीक्षेचा अभ्यास सुरू ठेवा, पण हातातली नोकरी त्या आदेशाच्या भरवशावर सोडू नका. आणि आदेशाची प्रमाणित प्रत, पोच घेऊन, आयोगाकडे स्वतः पोहोचवा. वकिलाने पाठवली असेल असं समजून घरी बसलेला आणि प्रवेशपत्रच न आलेला एक जण मला माहीत आहे.